घाट चढताना पॅलिओ जीटीएक्समधलं मल्टीजेट परत परत लिंप मोडला का जात होतं

ज्यांनी पेट्रोल गाडीत टर्बो डिझेल बसवलंय, सपाटीला गाडी झकास पळते पण घाट लागला की चेक इंजिनचा दिवा पेटतो आणि गाडीतला जीवच जातो (हाच लिंप मोड, इंजिन वाचवायला पॉवर कापलेली अवस्था), त्यांच्यासाठी हे लिहितोय. या एका त्रासाने मला जवळपास दीड वर्ष छळलं. दोनदा वाटलं सुटलो आणि दोनदा तो परत आला, कारण कोड तोच येत होता पण त्यामागे कारणं दोन होती, आणि दोन्हीचा इंजिनाशी काही संबंध नव्हता.

गाडी पॅलिओ १.६ जीटीएक्स. ज्यांनी ती चालवलीय त्यांना सांगायला नको, शंभर घोड्यांचं सोळा वॉल्वचं पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगला वजन, वळणात रस्ता धरून बसणारी गाडी. माझ्या गाडीचा टायमिंग बेल्ट तुटला, वॉल्व वाकले, हेड गेलं आणि चांगल्या अवस्थेतलं दुसरं हेड कुठे मिळेना. गाडी भंगारात द्यायची माझी तयारी नव्हती. मग अपघातात मागून ठोकलेल्या एका ग्रँड पुंटोचं १.३ मल्टीजेट, म्हणजे फियाटचं टर्बो डिझेल इंजिन मिळालं, १२४८ सीसी, ७६ पीएस, टॉर्क १९७ एनएम आणि तो पण १७५० आरपीएमलाच. पॅलिओ कंपनीकडूनच पुढे याच इंजिनात विकली गेली होती त्यामुळे माउंटिंग आणि जागेचा प्रश्न फार आला नाही. इंजिन, गिअरबॉक्स, ईसीयू (इंजिनाचा संगणक), इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारं यंत्र), चावी, ॲक्सिलरेटरचा इलेक्ट्रॉनिक पेडल, सगळं एकाच गाडीचं उचललं, हे फार महत्त्वाचं आहे, अर्धं एका गाडीचं अर्धं दुसऱ्या गाडीचं घेतलंत तर ईसीयू आणि चावीची ओळख जुळवण्यातच महिना जाईल. पॉवर कमी झाली का, झाली. पण आमच्याकडे गुहागरहून चिपळूण आणि तिथून कुंभार्ली घाट चढून कराडला जायचं तर सहा हजार आरपीएमपेक्षा दोन हजाराला मिळणारा जोर जास्त कामाचा, हे मी चालवून सांगतोय.

कागदांचं एकदाच सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचा आणि आरटीओत विचारा. पेट्रोलची डिझेल करणं म्हणजे आरसीवरची मूळ माहितीच बदलणं, परवानगी आणि नोंद नसताना रस्त्यावर आणली तर दंड सोडा, अपघात झाला की विम्याचा क्लेम उभा राहत नाही. आधी परवानगी, मग पाना.

आता त्रास. पोफळी सोडली की कुंभार्लीचा चढ सुरू होतो. तिसरा गिअर, साधारण २२०० आरपीएम, पुढे उसाचा किंवा चिऱ्याचा ट्रक, तो काढायला पाय दाबला की एक हिसका, मग दिवा, आणि गाडी एकदम बैलगाडी. कितीही दाबा, तीसच्या वर काटा जात नाही. बाजूला घेऊन चावी बंद करून परत चालू केली की गाडी ठणठणीत, जसं काही झालंच नाही, आणि दोन किलोमीटरवर परत तेच. खाली उतरताना, हायवेला, गावात, कुठेही काही नाही. स्कॅनरवर कोड पी ००८७, म्हणजे रेल प्रेशर कमी. रेल म्हणजे चारही इंजेक्टरना जास्त दाबाचं डिझेल पुरवणारी सामाईक नळी. ईसीयूला जेवढं प्रेशर हवंय तेवढं रेलमध्ये मिळत नाहीये, म्हणून तो इंजिन वाचवायला पॉवर कापतो. ते त्याचं काम बरोबर करत होता.

पहिले सहा महिने मी तेच केलं जे सगळे करतात. फिल्टर बदलला, परत बदलला. एका गॅरेजमध्ये सांगितलं रेल प्रेशर सेन्सर गेलाय, तो बदलला, आठ दिवस बरं वाटलं. मग हाय प्रेशर पंपावरचा रेग्युलेटर बदलला. इंजेक्टर काढून पंप-नोझलवाल्याकडे बेंचवर लावले, चारही चांगले. नंतर लक्षात आलं की इंजेक्टर काढायचीही गरज नव्हती, चारही इंजेक्टरच्या रिटर्नला (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या पाइपाला) वेगवेगळी बाटली लावून पाच मिनिटं इंजिन चालवायचं आणि चारही बाटल्यांत सारखं डिझेल आलंय का बघायचं. एखादीत भसाभस जास्त आलं तर तो इंजेक्टर रिटर्नला प्रेशर घालवतोय. माझ्या चारही सारख्या होत्या. हे करताना एक लक्षात ठेवा, चालू इंजिनवर हात फक्त रिटर्नच्या रबरी पाइपला लावायचा, रेल ते इंजेक्टरच्या लोखंडी पाइपचा नट चुकूनही सैल करायचा नाही. लोड आला की तिथे हजार बारच्या वर प्रेशर असतं, ती धार कातडी फाडून आत जाते, जुन्या डिझेलवर मिस्त्री लोक नट सैल करून हवा काढायचे ती सवय इथे जीवावर बेतेल.

मग मी पार्ट बदलणं थांबवलं आणि लिहायला लागलो. साधी वही, डॅशबोर्डच्या कप्प्यात. ईसीयूतले आकडे मोबाइलवर दाखवणारं ब्लूटूथचं स्वस्त ओबीडी यंत्र घेतलं, मोबाइलवर दोनच आकडे लावले, हवं असलेलं रेल प्रेशर आणि प्रत्यक्षातलं रेल प्रेशर, शेजारी भावाला बसवलं आणि कुंभार्ली तीन वेळा चढलो. उभ्या गाडीत दोन्ही आकडे तीनशेच्या आसपास, हातात हात घालून चाललेले. चढावर पाय दाबला की मागणी बाराशेला जायची आणि प्रत्यक्ष आकडा आधी तिच्या मागे धावायचा, मग नऊशे, आठशे, सातशे असा घसरत यायचा, आणि मग दिवा. म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता, डिझेलच कमी पडत होतं. आणि वहीत अजून एक गोष्ट दिसली जी मला एरवी कधीच दिसली नसती, टाकी अर्ध्याच्या वर असेल तेव्हा त्रास एकदाच आणि उशिरा, पावच्या खाली असेल तेव्हा प्रत्येक चढाला.

इथे सांगायला हवं की डिझेलची लाइन मी कशी केली होती. पेट्रोलचा टाकीतला पंप डिझेलला वापरायचा नाही एवढं मला माहीत होतं, डिझेल जाड, त्या पंपाची मोटर त्यावर जळते. म्हणून मी तो काढला, त्याच्यासोबत त्याची प्लास्टिकची वाटी पण काढून टाकली, टाकीत सरळ एक पाइप सोडला, जुनीच पेट्रोलची लोखंडी लाइन फ्लोअरखाली ठेवली आणि बाहेरचा इलेक्ट्रिक पंप बॉनेटखाली फिल्टरजवळ बसवला, दुरुस्तीला हात पोचावा म्हणून. तेव्हा हे सगळं बरोबर वाटलं होतं.

उत्तर मिळालं वेलदूरच्या जेट्टीवर. १ जूनपासून मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढलेल्या असतात आणि होडीच्या इंजिनांची कामं करणारे मिस्त्री तिथेच भेटतात. ओळखीतले एक काका आहेत, उभं आयुष्य डिझेलात गेलेलं. त्यांनी कोड विचारला नाही, स्कॅनर बघितला नाही. फिल्टरच्या आधीचा एक वीतभर रबरी पाइप काढला आणि तिथे पारदर्शक नळी लावली. मग मला गाडी जेट्टीच्या उतारावर उलटी घ्यायला सांगितली, म्हणजे नाक वर, शेपूट समुद्राकडे, जसा घाटाचा चढ. हँडब्रेक, चाकांना दगड, आणि रेस २५०० वर धर म्हणाले. आधी नळीत स्वच्छ पिवळसर डिझेल. वीस एक सेकंदांनी एक बुडबुडा, मग दोन, मग सोड्याची बाटली फोडल्यासारखी सगळी नळी फेसाने पांढरी.

काका म्हणाले, "डिझेल बाहेर गळत नाय म्हणून तू जोड घट्ट धरून चाललास. पंपाच्या पुढे फुटलं तर डिझेल बाहेर येतं, पंपाच्या मागे फुटलं तर हवा आत जाते. गळती दिसणारच नाय तुला."

हे एक वाक्य मला कुठल्याही स्कॅनरने सांगितलं नव्हतं. इलेक्ट्रिक पंप ढकलायला चांगला, ओढायला कमजोर. माझा पंप पुढे असल्यामुळे टाकीपासून बॉनेटपर्यंतची सगळी लाइन ओढीखाली होती, टाकी रिकामी होत जाईल आणि नाक वर जाईल तशी ती ओढ वाढत जायची, आणि जिथे फट मिळेल तिथून हवा आत. दुसरी नळी आम्ही टाकीच्या तोंडाशी लावली. तिथेही चढावर थोडे बुडबुडे होतेच, म्हणजे हवा दोन ठिकाणांहून येत होती, एक टाकीतूनच आणि एक वाटेत.

वाटेतली जागा शोधायला गाडी खड्ड्यावर घेतली. मागच्या सीटच्या खाली जिथे रबरी पाइप लोखंडी लाइनवर चढतो तिथली क्लिप काढली, रबर मागे सरकवला. वरून लोखंड चांगलं दिसत होतं. नखाने खरवडलं तर पापुद्रा निघाला आणि खाली बारीक बारीक खड्डे, देवी आल्यासारखे. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, वर्षानुवर्षांचा खारा वारा आणि पावसाळ्यात खालून उडणारं पाणी, क्लिपच्या खाली ओल धरून बसते आणि लोखंड खाते. असल्या खड्ड्यांवर रबर कितीही आवळलं तरी बसत नाही. पेट्रोलच्या वेळी हे का कळलं नाही, तर तेव्हा पंप टाकीत होता, लाइन ढकलीखाली होती.

टाकीतलं कारण म्हणजे मी फेकलेली वाटी. ती वाटी उगाच नसते, चढावर, वळणात टाकीतलं डिझेल मागे किंवा बाजूला पळालं तरी वाटीत थोडं कायम धरून ठेवलेलं असतं आणि पाइप त्यात बुडालेला राहतो. मी पाइप उघड्या टाकीत सोडला होता आणि रिटर्नही वरूनच धबधब्यासारखा पडत होता, कॉमन रेलचा रिटर्न बराच असतो आणि गरम असतो, त्याचाच फेस होऊन परत ओढला जात होता.

दुरुस्ती अशी केली. भंगारातून दुसरं पेट्रोल मोड्यूल, म्हणजे टाकीतला पंप आणि वाटीचा संच आणला, त्यातला पंप काढला, वाटी ठेवली, तळाशी जाळी लावून पाइप वाटीत उतरवला आणि रिटर्न पण वाटीतच सोडला. टाकीला वेल्डिंग अजिबात केलं नाही, आणि कोणी करायला सांगितलं तर उठून निघून या, पेट्रोलच्या टाकीतली वाफ धुऊन पण जात नाही. बाहेरचा पंप पुढून काढून टाकीच्या शेजारी, टाकीच्या पातळीपेक्षा खाली बसवला, त्याच्याआधी छोटा गाळणीचा फिल्टर. लोखंडी लाइन पूर्ण काढून डिझेलला चालणारी नवीन सलग लाइन टाकली, मध्ये एकही जोड नाही, रिटर्नची पण ८ मिलीची. मग फिल्टरच्या तोंडाला बाटली लावून मोजलं, आधी ३० सेकंदांत अर्धा लिटर पण येत नव्हतं आणि त्यातही फेस, आता लिटरच्या जवळ आणि स्वच्छ. ती पारदर्शक नळी मात्र लगेच काढली, ती तपासणीपुरती आहे, डिझेलने आणि बॉनेटच्या गरमीने ती आठवड्यात कडक होऊन तडकते.

त्यानंतर गाडी जुलै ते पुढचा मे असा घाट चढली, टाकी पावच्या खाली असताना मुद्दाम चढवली, एकदाही दिवा नाही. मी वही लिहायचं बंद केलं.

आणि दुसऱ्या पावसाळ्यात, रात्री, त्याच घाटात, हिसका आणि दिवा. कोड पी ००८७. खरं सांगतो, रस्त्याकडेला गाडी लावून पाच मिनिटं नुसता बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी पारदर्शक नळी परत लावली, जेट्टीवर नाक वर, रेस वर, एक बुडबुडा नाही. दिवसा घाट चढलो, काही नाही. रात्री परत चढलो, पाऊस होता, दिवा. मग फरक शोधला, रात्री आणि पावसात काय वेगळं, तर हेडलाइट, वायपर, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, रेडिएटरचा पंखा, सगळं एकदम चालू. विजेचा वापर वाढला की त्रास. उभ्या गाडीत ते सगळं चालू करून मल्टीमीटर लावला. बॅटरीवर १३.९ व्होल्ट. डिझेल पंपाच्या कनेक्टरवर, पंप चालू असताना, १०.४. साडेतीन व्होल्ट वाटेत कुठेतरी जात होते. पंप फिरत होता, आवाज येत होता, पण जेवढं डिझेल ढकलायला हवं तेवढं ढकलत नव्हता.

हे मोजायची पद्धत सोपी आहे आणि प्रत्येकाने शिकून घ्यावी. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर, काळी काडी बॅटरीच्या मायनसवर, लाल काडी पंपाच्या मायनस वायरवर, पंप चालू ठेवायचा. वाचन जवळजवळ शून्य हवं, पॉइंट दोनपर्यंत चालतं. माझं १.६ आलं. मग लाल काडी बॅटरीच्या प्लसवर आणि काळी पंपाच्या प्लसवर, ते १.९. म्हणजे दोन्हीकडून गळती. नुसत्या ओहममध्ये मोजलंत तर वायर चांगलीच दाखवेल, दहा तारांतली एक शिल्लक असली तरी मीटर बीप करतो, करंट वाहत असतानाच खरं कळतं.

मायनस वायर डिकीतल्या बॉडीच्या एका स्क्रूला होती. स्क्रू काढला तर रंगाखाली गंज, वायसरच्या जागी तपकिरी भुकटी. प्लसची वायर जुन्या पेट्रोल पंपाचीच होती, बारीक, पुढून मागे फिरत जाणारी. कनेक्टरपाशी सोलली तर तांबं हिरवं, अजून सोललं, अजून हिरवं, चार इंच मागे गेलो तेव्हा कुठे लालसर तांबं दिसलं, आणि ते पण काळवंडलेलं. खारी ओल एकदा तोंडातून शिरली की इन्सुलेशनच्या आतून तारेतारेने चढत जाते, बाहेरून वायर नव्यासारखी. इंजिन ते बॉडीची अर्थिंगची पट्टी पण मग तपासली, स्टार्टर मारताना ०.८ व्होल्ट तिच्यावरच पडत होते. ती पेट्रोलच्या स्टार्टरसाठीची होती, डिझेलचा स्टार्टर त्यापेक्षा बराच जास्त करंट ओढतो. सकाळी गाडी दोन-तीन झटक्यांनी सुरू व्हायची, त्याचं कारण पण हेच निघालं, मी ग्लो प्लगला (थंड डिझेल इंजिन सुरू करताना आत गरमी देणाऱ्या प्लगला) दोष देत होतो.

होडीवाले कलई केलेल्या तांब्याची वायर वापरतात, चंदेरी दिसते, तीच आणली. बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर थेट रिलेला (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचला) आणि रिलेतून पंपाला. जुनी बारीक वायर आता फक्त रिले ओढते. फियाटचा इनर्शिया स्विच, जो अपघातात धक्का बसला की डिझेल तोडतो, तो मात्र काढला नाही, तो रिलेच्या कॉइलच्या वायरमध्ये ठेवला, त्यामुळे त्याच्या जुन्या काँटॅक्टवर लोड येत नाही आणि सुरक्षा पण राहते. कृपा करून तो बायपास करू नका. इंजिनाची आणि गिअरबॉक्सची अर्थिंग २५ स्क्वेअर एमएमच्या वेल्डिंग केबलची केली, थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) नीट दाबून बसवून वर हीट श्रिंक. बसवताना रंग खरवडून चकचकीत लोखंड, त्यावर थिंबल, दातेरी वायसर, आवळायचं, आणि मग वरून ग्रीस. आधी ग्रीस लावून मग आवळू नका, धातूला धातू लागला पाहिजे. काम झाल्यावर सगळं चालू करून पंपावर १३.५.

तुमचा कोड वेगळा असेल तर वाट वेगळी. पी ०२९९ म्हणजे टर्बोचं बूस्ट कमी, तेव्हा डिझेलच्या मागे लागू नका, इंटरकूलरच्या पाइपांचे जोड बघा, जिथे काळसर तेलकट ओल दिसेल तिथून हवा जातेय, साबणाचं पाणी मारून खात्री करा. स्वॅपमध्ये, म्हणजे अशा इंजिन बदलात, हे पाइप आपण कापून जोडलेले असतात, पाइपाच्या टोकाला कड नसेल तर क्लिप कितीही आवळा, लोडवर होज सटकते. पी ०३३५ क्रँक सेन्सरचा, त्याची वायर स्टार्टरच्या केबलजवळून नेऊ नका. आणि फिल्टरच्या तळाचं पाणी आमच्याकडे पावसाळ्यात दर महिन्याला काढायचं, दमट हवेत अर्धी टाकी ठेवली की आत पाणी धरतं आणि ते पाणी हाय प्रेशर पंप खातं.

एअर फिल्टरचं तोंड खाली बंपरमागे ठेवलं असेल तर तेही वर घ्या. २२ जुलै २०२१ला चिपळूणमध्ये पाणी कसं आणि किती वेगाने चढलं ते आम्ही बघितलंय, आणि एवढं कॉम्प्रेशन असलेल्या डिझेलने पाण्याचा एक घोट घेतला तरी कनेक्टिंग रॉड वाकतो.

दुसरी दुरुस्ती होऊन आता दोन पावसाळे गेले. गेल्या महिन्यात रात्री कराडहून येताना नाही, मुद्दाम जातानाच, पाऊस धो धो, सगळे दिवे चालू, टाकीचा काटा पावच्या खाली, भाऊ शेजारी मोबाइल धरून. पोफळीपासून हेळवाकपर्यंत दोन्ही आकडे एकमेकांना सोडून गेले नाहीत. दर ऑक्टोबरला पाऊस उघडला की अर्थिंगचे चारही बोल्ट सोडून बघतो, यंदा गिअरबॉक्सवरचा एक परत हिरवा व्हायला लागला होता, तो घासून नवीन वायसर टाकला.